ज्ञानाची कसोटी



लंडनच्या ‘स्कूल ऑफ इकॉनॉमिक सायन्स’चा आरंभ १९३०च्या दशकात लिऑन मॅक्लारेन यांच्या अर्थशास्त्रवर्गांतून झाला. दारिद्र्याची कारणे शोधताना अभ्यास मनुष्यस्वभावापर्यंत पोहोचला व तत्त्वज्ञानाचे वर्ग उभे राहिले. १९६५पासून स्वामी शांतानंद सरस्वती यांच्याशी झालेल्या संवादांतून तेथे अद्वैतविचार रुजला.

येथील अध्यापक विनामूल्य सेवा देतात. ऐकलेले लगेच स्वीकारू नये, नाकारूही नये. आठवडाभर व्यवहारात पारखून अनुभव पुढील वर्गात सांगावा, हा तेथील दंडक. दोन कामांच्या मध्ये क्षणभर स्तब्ध होणे, हा तेथील एक अभ्यास.

वचने पाठ करणे सुलभ; संतप्त ग्राहकासमोर तो एक क्षण साधणे कठीण. ज्ञानाचे खरे माप गादीवरच होते.