बेलगाम सत्तेविरुद्ध एक श्रद्धावान : एडमंड बर्क



एडमंड बर्क हे नाव निघालं की फ्रेंच राज्यक्रांतीचा कट्टर विरोधक आपल्या डोळ्यांसमोर येतो. राजाची, चर्चची, जुन्या व्यवस्थेची कड घेणारा. हाच बर्क ईस्ट इंडिया कंपनीचा हिंदुस्थानातला माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याला आरोपी म्हणून उभा करून बनारसच्या राजासाठी आणि अवधच्या बेगमांसाठी वर्षानुवर्षं भांडला, हे मात्र आपल्या लक्षात राहत नाही. मग प्रश्न पडतो, यांतला खरा बर्क कोणता? माझं उत्तर असं, की दोन्ही लढायांत एकच बर्क आहे आणि त्याची ख्रिस्ती श्रद्धा ओळखल्याशिवाय तो कळत नाही. माणूस स्खलनशील आहे, म्हणून कोणाच्याही हाती बेलगाम सत्ता देऊ नये. आणि सत्ताधाऱ्याला ईश्वरापुढे जाब द्यायचा आहे, म्हणून त्याने तो माणसांपुढेही दिला पाहिजे. त्याच्या साऱ्या राजकारणाचा पाया हा आहे.

बर्क डब्लिनचा. वडील प्रॉटेस्टंट, आई कॅथलिक. तो स्वतः इंग्लंडच्या चर्चचा. त्या काळी आयर्लंडमधल्या कॅथलिकांना मताचा अधिकार नव्हता आणि त्यांच्या जमीनजुमल्यावरही बंधनं होती. कायद्याच्या नावाखाली अन्याय कसा चालतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १७७४ साली ब्रिस्टलहून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आल्यावर त्याने मतदारांना तोंडावर सांगितलं, की मी तुमचं मत आदराने ऐकेन, पण माझी विवेकबुद्धी तुमच्याकडे गहाण ठेवणार नाही. पुढे आयर्लंडच्या व्यापाराला सवलती द्याव्यात आणि कॅथलिकांवरचे जाचक कायदे सैल करावेत म्हणून तो झटला. ब्रिस्टलचे व्यापारी बिथरले, आणि १७८० साली तिथली जागा त्याला सोडावी लागली.

आता हेस्टिंग्जचं प्रकरण जरा जवळून पाहू, कारण त्याचा धागा आपल्या इतिहासातही गुंतला आहे. मराठ्यांशी आणि हैदरअलीशी चाललेल्या युद्धांनी कंपनीची तिजोरी रिकामी होत होती. बनारसचा राजा चेतसिंग कंपनीला ठरल्याप्रमाणे वर्षाला साडेबावीस लाख रुपये भरत होता. १७७८पासून हेस्टिंग्जने त्यावर आणखी पाच लाखांची मागणी सुरू केली. राजा टाळाटाळ करतो म्हणून पन्नास लाखांचा दंड घ्यायचं ठरवून १७८१ साली हेस्टिंग्ज स्वतः बनारसला गेला आणि त्याने राजाला अटकेत टाकलं. पुढे फैजाबादला राहणाऱ्या अवधच्या बेगमांचा खजिना मिळवण्यासाठी त्यांच्या विश्वासू खोजांना कैद करून छळण्यात आलं.

१७८८च्या फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला. बर्कचं सुरुवातीचं भाषणच चार दिवस चाललं. हेस्टिंग्जच्या बचावाचा एक मुद्दा असा होता, की आशियातली राज्यं अनियंत्रित सत्तेवरच चालतात आणि तीच सत्ता कंपनीकडे आली. बर्कने हा मुद्दा मुळावरच छाटला. अनियंत्रित सत्ता कंपनी देऊ शकत नाही, कारण ती कंपनीकडेच नाही. राजाकडे नाही, पार्लमेंटकडेही नाही. ईश्वराचा नियम सगळ्यांच्या वर आहे. मग जी सत्ता कोणापाशीच नाही, ती कोणी कोणाला द्यायची? आणि नीती अक्षांश-रेखांशांप्रमाणे बदलत नाही. लंडनमध्ये जे पाप, ते बनारसमध्येही पापच. १७९५ साली हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. निकाल बर्कच्या विरोधात गेला, पण हिंदुस्थानातल्या कारभाराचा जाब जाहीरपणे मागता येतो, हे त्या सभागृहाने जगाला दाखवलं.

या पार्श्वभूमीवर फ्रान्सकडे बघा. २ नोव्हेंबर १७८९ रोजी तिथल्या राष्ट्रीय सभेने चर्चची सारी मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली आणि लवकरच तिच्या तारणावर ‘असिन्या’ नावाचं कागदी चलन काढलं. पुढच्या वर्षी धर्मगुरूंची नेमणूकही मतदारांच्या हाती गेली. बर्कला यात दिसली ती हेस्टिंग्जचीच वृत्ती : आमच्या इच्छेवर कोणाचा अंकुश नाही. तिथे गव्हर्नर होता, इथे राष्ट्रीय सभा होती, एवढाच फरक. १७९० साली, गिलोटिन उभं राहण्याआधीच, त्याने लिहिलं की या गोंधळातून अखेर सैन्याला आपलंसं करणारा एखादा सेनापतीच देशाचा धनी होईल. १७९७ साली बर्क वारला. दोनच वर्षांनी नेपोलियनने सत्ता हाती घेतली.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. जुन्याचं रक्षण म्हणता म्हणता जुन्या अन्यायाचंही रक्षण होतं. बर्कचा समकालीन टीकाकार टॉमस पेन याने १७९१ सालीच ठणकावलं होतं, की बर्कला फ्रान्सच्या राणीचं दुःख दिसतं, गांजलेल्या प्रजेचं दिसत नाही. या टीकेत तथ्य आहे. महाराष्ट्रात तर परंपरा म्हटलं की जातिव्यवस्थेचा हिशेब द्यावाच लागतो. पण याच ठिकाणी बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष काढावीशी वाटते. १९३६च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये, जातीला आधार देणाऱ्या धर्मावर घाव घालत असतानाच, खरा धर्म हा समाजाचा पाया असतो हे बर्कचं मत त्यांनी मान्यतेने नोंदवलं. नियमांचा धर्म जावा आणि तत्त्वांचा धर्म यावा, ही त्यांची मागणी होती. खुद्द बर्कही म्हणत होता, की ज्या राज्यात बदलाची सोय नाही, त्याला स्वतःचं रक्षणही करता येत नाही. जपायचं काय आणि टाकायचं काय, हे विवेकाने ठरवणं म्हणजेच परंपरेची खरी राखण.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला : ती हुकूमशाहीकडे नेते. ख्रिस्ती श्रद्धाही हेच शिकवते, की कोणा माणसाला देवाच्या जागी बसवू नये. हे सत्य पटायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही. पण ज्याला देव मानायचा आहे, त्याने तरी पुढाऱ्याला देव करू नये.

मी स्वतःला परंपरावादी म्हणवतो, म्हणून माझ्यासारख्यांकडूनच एक अपेक्षा ठेवतो. न्यायालय, विरोधी पक्ष, हिशेबतपासणी या संस्थांची आठवण विरोधात बसल्यावर सगळ्यांनाच होते. खरी कसोटी आपल्या पक्षाच्या हाती सत्ता असताना लागते. बर्कने तत्त्वावरच्या निष्ठेपायी ब्रिस्टलची जागा गमावली आणि फ्रान्सच्या प्रश्नावर १७९१ साली भर सभागृहात आपल्याच पक्षाचा नेता चार्ल्स फॉक्स याच्याशी असलेली जुनी मैत्रीही तोडली. तेवढी किंमत मोजायची तयारी नसेल, तर आपण परंपरा जपत नाही, फक्त आपली माणसं जपतो; आणि तेवढ्याने राज्यघटना टिकत नाही.