पिकअपला ऑटोमॅटिक गिअर बसवावा का?

आज आम्ही पापडाबद्दलही बोलणार नाही आणि कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज विषय आहे गाडीचा गिअर. हसू नका. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या आमच्या गटांच्या बैठकीत हा प्रश्न इतक्यांदा आला, की त्याची नीट चौकशी करून तुमच्यापुढे मांडायची असं आम्ही ठरवलं.

आमच्या एका गटाकडे जुनी पिकअप आहे. वीस वर्षं होत आली तिला. कांदा मार्केटला न्यायचा, दौंडकडच्या गुऱ्हाळावरून गूळ आणायचा, न्हावरा-चौफुला रस्त्यानं तिच्या खेपा चालू असतात. अडचण ड्रायव्हरची. ऐन हंगामात तो जास्त पैसे देणाऱ्याकडे जातो आणि आपला माल अंगणात पडून राहतो. भाव पडला की गेला महिना. गटातल्या दोघींकडे लायसन आहे, गाडी चालवायची तयारीही आहे. पण त्या पिकअपचा क्लच असा जड, की मार्केटच्या गेटवर रांगेत अर्धा तास काढला तर डावा गुडघा रात्रभर ठणकतो. एक काकी म्हणाल्या, "इंजिन चालवायचं का उखळात कांडायचं?"

अशात कुणाच्या तरी भाच्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातली जुनी पिकअप, तिला नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवलेला. क्लचच नाही! दोनच पेडल, एक रेसचं, एक ब्रेकचं. बायकांचे डोळे चमकले. भाचा म्हणाला, भंगारात मोडलेल्या मोठ्या गाडीचा गिअरबॉक्स मिळतो, बसवून देऊ.

मग आम्ही दोन-तीन मिस्त्रींना विचारलं. त्यांनी जे समजावलं ते आमच्या शब्दांत सांगतो.

आपल्या साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. आपण पाय दाबला की प्लेट सुटते, इंजिन वेगळं आणि चाकं वेगळी. मग गिअर बदलायचा आणि पाय हळू सोडायचा. ऑटोमॅटिकमध्ये ही प्लेट पायानं सोडायची नसते. तिथे डब्यात तेल आणि आत समोरासमोर दोन पंखे असतात. घरात टेबलफॅन लावा आणि त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवा, वाऱ्यानं तोही फिरायला लागतो. तसंच, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल दुसऱ्याला फिरवतं. गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही.

ऐकायला सोपं आहे. आता बसवायचं म्हटलं तर काय काय लागतं ते ऐका. एका कंपनीच्या गिअरबॉक्सची बोल्टची भोकं दुसऱ्या कंपनीच्या इंजिनला जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड पत्र्याची प्लेट लेथवर बनवून घ्यावी लागते. ती केसभर जरी वाकडी बसली तरी सील आणि बेअरिंग खातं. फ्लायव्हील काढून तिथे वेगळी चकती. गिअरबॉक्स लांबीला कमी-जास्त, म्हणून मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करायचा. खालचा आधाराचा पट्टा नवा. तेल तापतं म्हणून पुढे रेडिएटरजवळ तेलाचा कूलर आणि तिथपर्यंत पाइप. आणि आताच्या गिअरबॉक्सला चालवायला स्वतःचा कॉम्प्युटर लागतो. आपण रेस किती दिली, गाडी किती वेगात आहे, हे त्याला वायरीतून कळतं. आपल्या जुन्या डिझेल पिकअपला त्यातली एकही वायर नाही! पंप सगळा लोखंडी. म्हणजे ते सेन्सरही बसवायचे.

अमेरिकेत लोक हे हौसेनं करतात. तिथल्या जुन्या शेवरले, फोर्ड पिकअपसाठी जोडायच्या प्लेटा, कॉम्प्युटर, वायरिंग सगळं तयार पेटीत मिळतं. ऑटोमॅटिक गिअर तिकडे जुनाच आहे, जनरल मोटर्सनं १९४० सालच्या ओल्डस्मोबाइल गाडीत तो दिला होता. तिथे हात बसलेला कारागीर आहे, सुटा भाग दुकानात आहे. आपल्याकडे न्हावऱ्याला गाडी बंद पडली तर तो भाग कोण देणार?

आणखी एक. थंडीत सकाळी बॅटरी उतरली की आपण चौघी मिळून पिकअप ढकलतो आणि ती सुरू होते. ऑटोमॅटिक गाडी अशी ढकलून सुरू होत नाही. मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढतही नेता येत नाही, गिअरबॉक्स आतून जळतो.

एका गॅरेजनं सगळ्याचा अंदाज लिहून दिला. आमच्या हिशेबनीस ताईंनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला. ती पिकअप आज विकली तर जेवढे येतील, त्याहून तो आकडा मोठा होता.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं ५२ वं कलम सांगतं, की कंपनीनं गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंद आहे, त्यात मालकानं मनानं फेरफार करायचा नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक फेरफाराला ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. ८ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, तिथे प्रश्न निघणारच. म्हणून आधी आरटीओत लेखी विचारायचं. दौंडकरांचं काम बारामतीच्या एमएच ४२ कार्यालयात. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं, नाहीतर अपघात झाला तर दावा अडतो. गॅरेजवाला "काही होत नाही हो" म्हणतो, पण आरसीवर नाव त्याचं नसतं, आपलं असतं.

आता मुद्द्याचं. क्लच इतका जड का, हे कुणी विचारलंच नव्हतं. एका वयस्कर मिस्त्रींनी गाडीखाली जाऊन पाहिलं. क्लचची केबल कोरडी पडून आतून तुटत आलेली, प्रेशर प्लेट झिजलेली, पेडलचं बुश खलास. ते म्हणाले, "ताई, हा क्लच जड नाही, आजारी आहे." केबल, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि बुश, सगळं एकाच वेळी बदलून घेतलं, कारण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरी एकदाच द्यावी. खर्च गटाच्या अंतर्गत कर्जातून भागला. पेडल आता बरंच हलकं लागतं.

सीटचंही तसंच. ती ड्रायव्हरदादाच्या उंचीला लावलेली असते. आपण ती पुढे सरकवून घेत नाही, मग टाचेनं क्लच दाबत बसतो. सीट पुढे घ्या, पाठीमागे घट्ट उशी ठेवा, पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आणि गाडी चालू असताना पाय क्लचवर टेकवून ठेवू नका. नवी प्लेटही त्यानं जळते. रांगेत उभं राहायचं तर न्यूट्रल करून पाय खाली.

लायसनबद्दल बऱ्याच जणींना शंका असते. सुप्रीम कोर्टानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाचं लायसन असेल तर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते. आपली पिकअप त्यात बसते. आणि "बाईला क्लचची गाडी जमत नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला शेजारच्या पुरंदरचं सांगा. जून २०२३ मध्ये सासवडच्या रस्त्यावर एसटी चालवली ती अर्चना अत्राम यांनी.

ज्यांचा गुडघा खरंच गेलाय त्यांच्यासाठी मात्र क्लच नसलेलीच गाडी बरी, पण ती कंपनीतून तशीच आलेली असावी. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांतही क्लच मशीननं दाबण्याची सोय आली. मालासाठी बघायचं तर विजेवरच्या गाडीत क्लचही नसतो आणि गिअर बदलणंही नसतं. बारामतीला पियाजिओचा आपे रिक्षांचा कारखाना आहे, त्यांची विजेवरची आपे मिळते. टाटांची एस ईव्ही २०२२ मध्ये आली. पण त्यांची वजनाची मर्यादा लहान आहे. पिकअपसारख्या कांद्याच्या थप्प्या त्यावर रचता येणार नाहीत. भाजी, दूध, पापडाची खोकी यांना चालेल.

दौंडच्या एका गटानं त्याची चौकशी सुरू केली आहे. त्यांना आम्ही तीन गोष्टी लिहून आणायला सांगितल्या आहेत: भरल्या गाडीला एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर मिळतात, बॅटरीची हमी किती वर्षांची, आणि रात्री त्यांच्या वस्तीवर वीज किती तास सलग असते. शेवटची गोष्ट शोरूममध्ये कळणार नाही, ती त्यांनाच आठवडाभर घड्याळ लावून बघायची आहे. ते आकडे हाती आले की पुढच्या महिन्यात इथेच सांगू. तोवर तुमच्या गाडीचा क्लच जड असेल तर आधी केबल बघून घ्या. नमस्कार.