अर्धा तास आपला
(दोडामार्ग येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



“दिवसभर राबतोच, वर व्यायाम कशाला?” हा प्रश्न आपल्या बैठकीत नेहमी येतो. काजूच्या कारखान्यात बसून बी फोडताना हात तेवढे चालतात. पाठ आणि मान आखडते. अशा श्रमाने शरीर झिजतं, व्यायामाने सावरतं.

२०२० च्या टाळेबंदीत गोव्याची हद्द बंद झाली. कित्येक घरांची रोजी थांबली, घरातली कामं आणि आजारपणं बायकांच्या अंगावर पडली. अशा काळात पहिल्यांदा सुटतो तो स्वतःसाठीचा वेळ. संकट सरलं तरी तो आपोआप परत येत नाही, मागून घ्यावा लागतो.

२०२२ च्या आकडेवारीनुसार भारतात पुरेशी हालचाल न होणाऱ्या बायका ५७ टक्के, पुरुष ४२ टक्के. एवढ्या बायका आळशी कशा असतील? वेळेची वाटणीच विषम आहे.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. खंड पडला असेल तर दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा, हळूहळू वाढवा. बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि चतुर्थीतली फुगडी गणपती गेल्यावर का थांबवायची?

एकटीला निघणं जड जातं; वाडीतल्या चौघी मिळून निघा. तेवढा वेळ चूल आणि मुलं घरातल्या पुरुषांनी सांभाळावीत. महिला ग्रामसभेत रस्त्यावरच्या दिव्यांची मागणी लावून धरा. हा अर्धा तास आपल्या हक्काचा आहे.