भंवरकुआं : वस्ती कोणाची, मिळकत कोठली?

एखादी वस्ती सुधारली असे आपण म्हणतो, तेव्हा तेथील नव्या इमारती, दुकाने आणि रस्त्यावरील वर्दळ आपल्या डोळ्यांपुढे असते. हा पैसा तेथे आला कोठून, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. इंदूरच्या दक्षिण भागात, आग्रा-मुंबई रस्त्यावर भंवरकुआं नावाची वस्ती आहे. तिच्या निमित्ताने हा प्रश्न आज विचारू.

१९५१ साली इंदूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख ११ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती २० लाखांच्या घरात गेली. जुन्या इंदुरात कापडगिरणीचा पगार हा हजारो घरांचा आधार होता. कामगार इंदुरातच राबे, इंदुरातच राही आणि इंदुरातच खर्च करी. पुढे गिरण्या बसल्या. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्याचा निकाल लागण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला.

भंवरकुआंची घडण निराळी आहे. होळकर महाविद्यालय येथे जवळच. ते १८९१ चे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता देवी अहिल्याबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाचा विस्तृत परिसर खंडवा रस्त्यावर आहे. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे कार्यालयही इंदुरातच. साहजिकच स्पर्धापरीक्षांचे शिकवणीवर्ग येथे दाटीने उभे राहिले, आणि माळवा, निमाड, बुंदेलखंड येथील तरुण-तरुणींची रीघ लागली. ज्यांची घरे होती त्यांनी वर मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या. खाणावळी निघाल्या, डबे पोचविणारे आले, तासांच्या हिशेबाने खुर्ची देणाऱ्या अभ्यासिका उघडल्या. पुण्याच्या सदाशिव पेठेत ज्यांचे येणेजाणे आहे, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

अशा वस्तीत दोन प्रकारची माणसे एका छपराखाली राहतात. एक कायमची, जिच्या हाती पैसा येतो; दुसरी चार-पाच वर्षांची पाहुणी, जिच्या हातून तो जातो. हा दुसरा रहिवासी स्वतः काही मिळवीत नाही. त्याचे भाडे निमाडच्या कापसातून आणि मिरचीतून, माळव्याच्या गव्हातून आणि सोयाबीनमधून येते. पूर्वी असा पैसा मनिऑर्डरने येई, आता तो मोबाईलवरून क्षणात येतो, एवढाच फरक. म्हणजे वस्तीची मिळकत वाढली ती वस्तीत नव्हे, दूर गावाकडच्या शेतात. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाले, मुले गावी परतली; तेव्हा ही मिळकत किती परावलंबी आहे, ते अनेक घरमालकांना आणि खाणावळवाल्या बायांना कळून चुकले.

आपली जनगणना माणसे मोजते, परंतु कुटुंबाचे उत्पन्न विचारीत नाही. आणि २०२१ ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही. त्यामुळे हा व्यवहार कोणत्याही सरकारी तक्त्यात नीट दिसत नाही. त्याचा सल मात्र खरा आहे. २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा अंतिम निकाल, आरक्षणाच्या न्यायालयीन वादात अडकून, २०२३ च्या डिसेंबरात लागला. या विलंबाची नोंद दोन वह्यांत दोन प्रकारे झाली : भंवरकुआंतील घरमालकाच्या वहीत जमेच्या बाजूस, आणि गावाकडच्या बापाच्या वहीत खर्चाच्या. यात घरमालकाचा दोष नाही. पण जी भरभराट दुसऱ्याच्या खोळंब्यावर पोसली जाते, तिला निखळ प्रगती म्हणावयास मन धजत नाही.

यावर उपाय काय? परीक्षांचे वेळापत्रक ठरवून ते पाळणे, हे शासनाचे आणि आयोगाचे काम. भाड्याची पावती देणे, अनामत रक्कम परत करणे, पाणी आणि उजेड पुरेसा देणे, हे घरमालकाचे. आणि किती वर्षे प्रयत्न करावयाचा, याची मर्यादा पहिल्याच दिवशी मुलाशी बोलून ठरविणे, हे आईबापांचे. शिक्षकाच्या नात्याने मी एवढेच जोडीन की, त्या मर्यादेनंतर रिकाम्या हातांनी परतणाऱ्या मुलास नालायक म्हणू नये. आपल्या शहरातील एक वस्ती त्याने वर्षानुवर्षे पोसलेली असते.