वजनाचा आणि कष्टाचा हिशोब



आता आपल्याला आकडे वाचता येतात. बेरीज येते, गुणाकारही येतो. दुकानदाराच्या वहीतला हिशोब आपण तपासू लागलो आहोत. आज आपल्या शरीराचा हिशोब तपासू.

रिकामी बैलगाडी चढावर न्या. बैल ती सहज ओढतात. त्याच गाडीत ज्वारीची पोती भरा. रस्ता तोच, बैलही तेच. पण आता बैलांच्या तोंडाला फेस येतो. का बरं? ओझं वाढलं, म्हणून जोर जास्त लागला. माणसाचंही तसंच आहे. चालताना आपण आपलं शरीर स्वतःच वाहून नेतो. ज्याचं शरीर जड, त्याला जोर जास्त लागतो.

हा जोर येतो कुठून? अन्नातून. चुलीत लाकूड जळतं आणि उष्णता मिळते. शरीरात अन्नाचं तसंच होतं, पण हळूहळू. त्यातून ऊब मिळते आणि शक्तीही मिळते. कापड मीटरने मोजतात, दूध लिटरने मोजतात. अन्नातली शक्ती उष्मांकाने मोजतात. त्यालाच लोक कॅलरी म्हणतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३४० उष्मांक असतात.

आता गणित करू. समजा, दोन भाऊ आहेत. थोरल्याचं वजन ८० किलो, धाकट्याचं ५० किलो. दोघे सपाट रस्त्याने तासभर चालले. तासात ५ किलोमीटर गेले. अशा चालीचा एक सोपा नियम आहे. जितके किलो वजन, त्याला साडेतीनने गुणा.

थोरला: ८० गुणिले साडेतीन, म्हणजे २८० उष्मांक.
धाकटा: ५० गुणिले साडेतीन, म्हणजे १७५ उष्मांक.

वाट एकच, वेळ एकच, पण खर्च वेगळा. हा नियम अंदाजाचा आहे. वय, चाल, चढ-उतार यांनी थोडा फरक पडतो.

कोणी म्हणेल, "मग काय, थोरल्याची मजाच आहे! चालावं आणि हवं ते खावं!" थांबा, मंडळी. नुसतं बसून राहिला असता, तरी त्या तासात त्याचे सुमारे ८० उष्मांक खर्च झालेच असते. बसल्या जागीही काळीज चालतं, श्वास चालतो. म्हणजे चालण्याचा जादा खर्च २०० उष्मांकच. आता चहाकडे बघा. लहान चमचाभर साखर म्हणजे ५ ग्रॅम. तिच्यात २० उष्मांक. कपात दोन चमचे घातले, तर ४०. दिवसात पाच कप झाले, तर साखरेचेच २००. तासाची चाल पाच कपांत बुडाली!

आणखी एक गोष्ट. समजा, थोरल्याने नेम धरला. रोज चालला, गोड कमी केलं. त्याचं वजन ७० किलोवर आलं. आता तेवढ्याच चालीत २४५ उष्मांकच खर्च होतात. गाडी हलकी झाली ना! मग वजन पूर्वीसारखं भराभर उतरत नाही. तेव्हा नाउमेद होऊ नये. आठ-नऊ मिनिटं जास्त चालावं. फार जड माणसाने मात्र एकदम धावू नये. गुडघ्यांवर भार येतो. सावकाश चालण्याने सुरुवात करावी. छातीत दुखलं, घेरी आली, तर लगेच थांबावं आणि डॉक्टरला दाखवावं.

सायकलीवर वजनाचा फरक कमी पडतो. तिथे अंगाचा भार सायकल पेलते. पण चढ लागला, की जड माणसाला ते वजन वर न्यावंच लागतं.

आता मुख्य गोष्ट ऐका. आपल्या घरात एक बोलणं ऐकू येतं. "सून किडकिडीत आहे. तिला खायला किती लागणार?" हा हिशोब चुकीचा आहे. खर्च नुसत्या वजनावर ठरत नाही. काम किती जड आणि किती तास, तेही बघावं लागतं. ५० किलोची बाई १५ किलोचा हंडा घेऊन निघाली, तर तिच्या पायांवर भार येतो ६५ किलोंचा. शिवाय तिचं काम तासाभराचं नाही. पाणी, सरपण, खुरपणी, स्वयंपाक, पहाटेपासून रात्रीपर्यंत.

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिने २०२० साली आकडे दिले. ६५ किलोचा, बैठं काम करणारा पुरुष. त्याला दिवसाला २११० उष्मांक लागतात. ५५ किलोची, जड कष्ट करणारी बाई. तिला लागतात २७२०. वजाबाकी करा. वजनाने बाई १० किलो हलकी, पण तिला ६१० उष्मांक जास्त लागतात! ती गरोदर असेल, तर आणखी ३५०. अंगावर पाजत असेल, तर पहिले सहा महिने आणखी ६००.

आणि घरात होतं काय? पुरुष आधी जेवतात, मग पोरं. टोपल्यात उरेल ते बाईच्या वाट्याला. खर्च जास्त आणि जमा कमी, असं खातं किती दिवस चालेल? मग अंग झडतं, काम होत नाही.

बैलाला जास्त काम पडलं, की आपण जास्त वैरण घालतो. एवढं आपल्याला कळतं. मग घरच्या माणसाला का नाही? तेव्हा आज रात्री सगळे एकत्र जेवायला बसा. भाकरी, डाळ, भाजी कष्ट बघून वाढा, मान बघून नको. जो बसून खातो, त्याने उठून चालावं. जी राबते, तिने पोटभर जेवावं.