पडवी, परवानगी आणि शेजार

कोंकणांतील घर एकदां बांधलें म्हणजे पुरें झालें, असें होत नाहीं. पुढें ओटी, मध्यें माजघर, मागें पडवी आणि त्यापलीकडे परसदार, हा त्याचा मूळ आराखडा. पण कुटुंब वाढलें कीं पडवीला कूड लागतो, कुडाची पुढें चिऱ्याची भिंत होते, छपराचें एक पाखें आणखी खालीं उतरतें आणि त्याखालीं नवी खोली उभी राहते. रत्नागिरीच्या जुन्या आळ्यांत घरें अशींच वाढत आलीं. गणेशोत्सवास मुंबईहून येणाऱ्या मुलाबाळांसाठीं एखादी खोली व जोडून न्हाणीघर असावें, ही इच्छा आजहि तितकीच स्वाभाविक आहे. मात्र त्या खोलीसाठीं नगरपरिषदेची परवानगी घ्यावयाची म्हटली, कीं ‘जागा माझी, पैसा माझा, मग परवानगी कशाला?’ असा प्रश्न घरमालक करतो. त्याचें हें म्हणणें कोठें अपुरें पडतें, तें पाहण्यासारखें आहे.

भिंत स्वतःच्या जागेंत असली, तरी तिची सावली आणि तिच्यावरील छपराचें पाणी स्वतःच्या जागेंत राहतेंच असें नाहीं. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पाखें दोन हात पुढें आलें, तर वळचणीचें पाणी शेजाऱ्याच्या जोत्याशीं पडूं लागतें. सच्छिद्र जांभा तें शोषून घेतो आणि ओल घरांत चढते. दोन घरांमधील बोळ बुजला, तर पाण्याला वाट उरत नाहीं, आणि वाऱ्यालाहि उरत नाहीं. घराभोंवतीं जें सामासिक अंतर सोडावें लागतें, तें या कारणासाठीं. वाया गेलेली जागा ती नव्हे. शेजाऱ्याच्या खिडकींतून वीस वर्षें अखंड व निर्वेध उजेड येत असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें त्याला त्या उजेडाचा हक्क मिळूं शकतो, हेंहि येथें ध्यानांत ठेवावें.

हे नियम महागांत पडलेल्या अनुभवांतून आले आहेत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली, आणि काळोख्या, कोंदट खोल्यांचा प्रश्न सर्वांसमोर उभा राहिला. १८९८ सालीं स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें पुढें उजेडाचें एक सोपें माप पुढें मांडलें. खोलीच्या भिंतीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर ती जमिनीशीं साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करूं नये, असें तें माप होतें. साध्या भाषेंत याचा अर्थ, समोरची भिंत वीस फूट उंच असेल तर मध्यें निदान दहा फूट जागा मोकळी हवी. मुंबई इलाख्यांतील जिल्हा म्युनिसिपालिट्यांच्या १९०१ च्या कायद्यांतहि, घर बांधण्यापूर्वीं किंवा असलेल्या घरास भर घालण्यापूर्वीं म्युनिसिपालिटीस नोटीस द्यावी, असें कलम होतें. सारांश, परवानगी ही कांहीं काल-परवां निघालेली कटकट नव्हे.

सध्यांचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याखालीं डिसेंबर २०२० मध्यें एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली, आणि कांहीं अपवाद सोडून राज्यभर एकच मापें लागूं झालीं. गिलावा, रंग, फरशी, पूर्वीच्याच उंचीवर कौलांची शाकारणी, असल्या दुरुस्त्यांना परवानगीची गरज नसते. परंतु जोतें वाढलें, मजला चढला, किंवा उघडी पडवी बंद होऊन खोली झाली, कीं तो ‘विकास’ ठरतो. मग परवानाधारक अभियंत्याकडून किंवा वास्तुविशारदाकडून नकाशा काढून घ्यावा, मिळकत पत्रिका अथवा सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडावा, आणि प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्यावर काम हातीं घ्यावें. जोत्याची तपासणी आणि अखेर भोगवटा प्रमाणपत्र, या पुढच्या दोन पायऱ्या होत.

लहान घरांसाठीं ही वाट बरीच सोपी केलेली आहे. १५० चौरस मीटरांपर्यंतच्या भूखंडावर, अटींत बसणाऱ्या घराचे नकाशे व शुल्क दाखल केल्यावर मिळणारी पोंचच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरांसाठीं दहा दिवसांची मुदत आहे. एरवीं साठ दिवसांत निर्णय न कळल्यास परवानगी मिळाली असें मानण्याची तरतूद कायद्यांत आहे; पण बांधकाम नियमांत बसत असेल तरच. नियमाबाहेरची भिंत कार्यालयाच्या मौनानें नियमांत येत नाहीं. परवानगी नाकारली गेल्यास चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करतां येतें.

रत्नागिरीकरांना आणखी एक मर्यादा पाळावी लागते, ती समुद्राची. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ सालीं निघाली. पुढें २०११ व २०१९ सालीं ती नव्यानें निघाली. भरतीरेषेपासून ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरांचा, आणि २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या भागांत ५० मीटरांचा पट्टा ‘ना-विकास क्षेत्र’ म्हणून २०१९ च्या अधिसूचनेनें ठरविला. या पट्ट्यांत जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती अथवा पुनर्बांधणी करतां येते. परंतु चटई क्षेत्र आणि जोत्याचें क्षेत्र वाढवून नव्हे. म्हणजे मोडकळीस आलेली पडवी पुन्हां उभारतां येईल. तिला नवी खोली जोडतां येणार नाहीं. मच्छीमारांसारख्या पारंपरिक किनारी समाजांना कांहीं सवलती आहेत, त्या त्यांनीं विचारून घ्याव्या. वादळी वाऱ्याचाहि विचार हवा. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळांत दापोली-मंडणगडकडे असंख्य घरांचीं कौलें व पत्रे उडाले. मातींत रचलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा स्लॅब टाकण्यापूर्वीं ती भिंत तो भार पेलेल काय, हें जाणकारानें तपासलेंच पाहिजे.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र घरांतल्या घरांतच असतो. कोंकणांतील पुष्कळ घरें सामाईक आहेत. कागदावर आजोबांच्या पिढीचीं नांवें, आणि वारस चार गांवीं विखुरलेले. गांवीं राहून घर सांभाळणारा भाऊ खोली बांधतो, पैसा मुंबईचा भाऊ पाठवितो, आणि संमतीचा कागद करण्याचें संकोचानें राहून जातें. वाटपाची वेळ आली म्हणजे तीच खोली वादाचें मूळ होते. सहहिस्सेदारांची लेखी संमति घेणें हा अविश्वास नव्हे. नातें टिकविण्याचीच ती खबरदारी आहे.

‘घरपट्टी भरतों, मग घर अधिकृतच’ ही समजूतहि सोडली पाहिजे. पट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. विनापरवाना बांधकामास १९६६ च्या अधिनियमांत एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन ते पांच हजार रुपये दंड सांगितला आहे. शिवाय बांधकाम पाडण्याची नोटीस निराळीच. १३ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, सार्वजनिक रस्ते वगैरेंवरील अतिक्रमणें वगळतां, पंधरा दिवसांच्या नोटिशीवांचून कोणाचेंहि घर पाडूं नये असें बजावलें. तथापि त्याच न्यायालयानें १७ डिसेंबर २०२४ रोजीं असेंहि स्पष्ट केलें कीं, काळ लोटला अथवा पैसा खर्च झाला एवढ्यानें बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाहीं. आणि बँकांनीं पूर्णतेचें वा भोगवट्याचें प्रमाणपत्र पाहूनच कर्ज द्यावें. नागरिकाला संरक्षण आहे, पण तें नियमाला पर्याय म्हणून नाहीं.

पावसाळा संपला कीं रत्नागिरींत बांधकामें सुरू होतात. ज्यांना खोली काढावयाची असेल, त्यांनीं चिरे उतरविण्यापूर्वीं मोजणी करावी, हिस्सेदारांना पत्र लिहावें, आणि नकाशा शेजाऱ्याला एकदां दाखवावा. या तीन गोष्टींना खर्च थोडा येतो. कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्याला किती येतो, हें ज्यांनीं त्या झिजविल्या आहेत त्यांना विचारावें. घर वाढतांना शेजाऱ्याचा उजेड आणि भावाचा विश्वास कमी होऊं नये, इतकेंच या साऱ्या नियमांचें मागणें आहे.