चाकांचा आवाज आणि प्रवासाचें सुख

बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धांव बसवीत असत, तेव्हां त्या धांवेकडून एकच अपेक्षा असे : चाक झिजूं नये. खडकाळ वाटेवर तिचा खडखडाट दोन शेतें ओलांडून ऐकूं येई. परंतु त्याबद्दल गाडीवानाला कोणी दोष देत नसे. आज त्या धांवेच्या जागीं रबराचा टायर आला आहे आणि त्याच्याकडून माणसाच्या अपेक्षा मात्र अनेक झाल्या आहेत. त्यानें टिकावें, इंधन वांचवावें, पावसांत घसरूं नये, वळणावर पकड सोडूं नये. आणि एवढें सगळें करून पुन: गप्प राहावें. ज्यानें पन्नास-साठ लाख रुपये मोजून ऐसपैस सेडान घेतली, त्याची तर ही शेवटची अपेक्षा सर्वांत मोठी असते.

समजा, पुण्यांतील एक कुटुंब आहे. गाडी पांच वर्षांची आहे. मुलगा गाडी चालवतो आणि मागच्या आसनावर कंबरदुखीनें त्रासलेली वृद्ध आई बसते. महिन्यांतून दोनदां मुंबईची खेप ठरलेली. एके दिवशीं आई म्हणते, "अरे, पूर्वीं या गाडींत माझा डोळा लागत असे. हल्लीं सबंध वाट कोणी कानाशीं जातें फिरवीत आहे असें वाटतें." मुलगा टायरवाल्याकडे जातो. टायरवाला चाकांकडे एकदां पाहतो आणि म्हणतो, "साहेब, टायर बदलायला झालेत. हे नवे घ्या, एकदम सायलेंट." किंमत सांगितली जाते, मान हलविली जाते, आणि ज्या रबरावर त्या आईचा जीव अवलंबून आहे त्याची निवड पांच मिनिटांत उरकते. ती निवड विचारपूर्वक कशी करावी, हाच येथें प्रश्न आहे.

आवाजाची ही तक्रार टायरइतकीच जुनी आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरानें १८४५ सालीं हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें. गाडी ओढण्यास बळ कमी लागावें, तिची चाल सुखाची व्हावी आणि तिचा आवाज घटावा, असे तीन हेतु त्यानें त्यांत नमूद केले होते. १८४७ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें घोडागाड्यांना तीं चाकें लावून पाहण्यांत आलीं. पुढें ती कल्पना मागें पडली. १८८८ सालीं बेलफास्टमधील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तिचाकीसाठीं केलेल्या हवेच्या टायरचें पेटंट घेतलें, आणि तेथपासून हवेचा टायर जगभर पसरला. म्हणजे शांतता ही नंतर सुचलेली चैन नव्हे. टायरच्या पहिल्या संकल्पांतच ती होती.

परंतु नवे टायर घेण्यापूर्वीं दोष जुन्या टायरचाच आहे कीं काय, हें पाहिलें पाहिजे. चाकाचें बेअरिंग झिजलें म्हणजे तेंहि टायरसारखेंच घुमतें. गाडी वळणावर कलतांच ती घरघर एकदम वाढत किंवा थांबत असेल, तर संशय बेअरिंगवर घ्यावा. गाडी उभी असतांना टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवावा. एका दिशेनें तो गुळगुळीत फिरला आणि उलट दिशेनें करवतीच्या दातांसारखा स्पर्श झाला, तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे. हा दोष तसाच ठेवून टायर बदलले, तर नवे टायरहि कांहीं महिन्यांत तेंच गाणें म्हणूं लागतील आणि खर्च मात्र पाण्यांत जाईल.

तिसरा अपराधी खुद्द रस्ता असूं शकतो. २००२ सालीं पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग आणि २०२५ सालीं पूर्ण झालेला ७०१ किलोमीटरांचा मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग, हे दोन्ही मुख्यत्वें सिमेंट काँक्रीटचे आहेत. काँक्रीटच्या पृष्ठभागावर पकडीसाठीं बारीक रेघा पाडाव्या लागतात, आणि त्या रेघांवरून चाक फिरलें म्हणजे तें गुणगुणणारच. डांबरी रस्ता लागतांच जी गुणगुण मावळते तिचा दोष टायरवर कमी आणि रस्त्यावर अधिक टाकावा. अशा रस्त्यावर उत्तम टायर आवाज कमी करील. नाहींसा करणार नाहीं.

आतां आवाज होतो कसा ? टायरच्या नक्षींत रबराचे लहान लहान ठोकळे असतात. चाक फिरतांना प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो. दोन ठोकळ्यांमधील खांचेंत हवा सांपडते, दबते आणि निसटतांना शीळ घालते. टायरच्या पोटांतील हवा दर सेकंदाला सुमारें २०० कंपनांच्या खर्जांत ढोलासारखी घुमते, आणि तो घुमारा पोलादी सांगाड्यांतून आसनापर्यंत पोंचतो. सर्व ठोकळे एकाच मापाचे केले, तर त्यांचा एकच कर्कश सूर लागेल. म्हणून कारखानदार त्यांचीं मापें मुद्दाम कमीजास्त ठेवतात. सूर विखुरले म्हणजे कानाला ते कमी बोंचतात.

येथेंच सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षांत घ्यावयाची आहे. ज्या खांचा आवाज करतात, त्याच खांचा पावसाळ्यांत पाणी वाहून नेतात. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी सांचलें असेल आणि सव्वादोनशें मिलिमीटर रुंदीचा टायर ताशीं ८० किलोमीटर वेगानें जात असेल, तर त्याला दर सेकंदास सुमारें १५ लिटर पाणी बाजूला सारावें लागतें. तें सारतां आलें नाहीं, तर चाक पाण्यावर तरंगतें आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. खांचा नसलेला गुळगुळीत टायर गुळगुळीत रस्त्यावर पुष्कळ शांत चालेल. पण आषाढांत खंडाळ्याच्या घाटांत ती शांतता कोणाला नको! म्हणून निवडीचा क्रम असा असावा : प्रथम ओल्या रस्त्यावरील पकड, मग शांतता व मऊपणा, आणि शेवटीं टिकाऊपणा. पुष्कळ घरीं हा क्रम नेमका उलटा असतो, कारण किती हजार किलोमीटर चालला हें मोजतां येतें, आणि न झालेला अपघात मोजतां येत नाहीं.

ही पकड ओळखावी कशी ? युरोपांत २०१२ पासून टायरांवर गुणपट्टी लावण्यांत येते. तिचें सुधारलेलें रूप १ मे २०२१ पासून लागू झालें. तींत इंधनाची बचत आणि ओल्या रस्त्यावरील पकड यांना ए पासून ई पर्यंत श्रेणी असते, आणि आवाज डेसिबेलमध्यें लिहिलेला असतो. भारतांतहि केंद्र सरकारनें २०२२ सालीं टायरांची पकड, आवाज आणि रस्त्यावर फिरतांना होणारा विरोध यांच्याबद्दल मर्यादा घालणारे नियम जाहीर केले. परंतु गुणपट्टीवरील आवाजाचा आंकडा वाचतांना एक सावधगिरी ठेवावी. तो आवाज रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या यंत्रानें मोजलेला असतो, गाडींत बसलेल्या माणसाच्या कानानें नव्हे. त्यांत तीन डेसिबेलांचा फरक म्हणजे ध्वनीच्या शक्तींत दुपटीचा फरक, हें खरें. तरी बाहेर शांत असलेला टायर आंत घुमूं शकतो. म्हणून पकडीची श्रेणी गुणपट्टीवरून घ्यावी, आणि आंतील शांततेबद्दल तशीच गाडी व तेच टायर वापरणाऱ्या परिचितांना विचारावें. शक्य तर त्यांच्या गाडींत मागच्या आसनावर बसून दहा मैल जाऊन यावें.

टायरांच्याहि जाती असतात. मिशेलिनचा प्रायमसी, ब्रिजस्टोनचा टुरान्झा, योकोहामाचा अॅडव्हान डीबी हे प्रवासी सुखासाठीं केलेले. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट किंवा ब्रिजस्टोनचा पोटेन्झा हे वेगाच्या हौशीसाठीं केलेले. दोन्ही जाती चांगल्या, पण त्यांचें कार्य निराळें. कंबरदुखीच्या आईसाठीं दुसऱ्या जातीचा टायर घेणें म्हणजे देवळांत जाण्यासाठीं शर्यतीचा घोडा जुंपण्यासारखें आहे. कांहीं टायरांच्या पोटांत फेसासारख्या मऊ पदार्थाचें अस्तर चिकटविलेलें असतें. तें आंतील हवेचा घुमारा शोषून घेतें. खडबडीत रस्त्यावर त्याचा गुण चांगला येतो, परंतु किंमत अधिक पडते आणि पंक्चर काढतांना अस्तराचा तेवढा भाग सोडवावा लागतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला तें काम जमेलच असें नाहीं.

मापाचा विचार याहून मोलाचा आहे. जर्मन बनावटीच्या पुष्कळ मोठ्या सेडान गाड्यांना २४५/४० आर १९ किंवा २२५/५५ आर १७ असे टायर बसतात. यांतील पहिला आंकडा रुंदीचा, दुसरा त्या रुंदीच्या शेंकडा किती उंचीची बाजूची भिंत आहे हें सांगणारा, आणि तिसरा लोखंडी चाकाच्या इंचांचा. हिशेब केला तर दोन्ही चाकांचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच, सुमारें ६७९ मिलिमीटर येतो. पण पहिल्यांत भिंतीची उंची ९८ मिलिमीटर, तर दुसऱ्यांत १२४ मिलिमीटर भरते. हें सव्वीस मिलिमीटरांचें जास्तीचें रबर आणि त्यामागची हवा म्हणजे खड्ड्याचा धक्का कमरेपर्यंत पोंचण्यापूर्वीं अडविणारी उशीच होय. मोठें चाक पाहणाऱ्याला सुंदर दिसतें. लहान चाक बसणाऱ्याला सुख देतें. मात्र लहान चाक ब्रेकच्या भागांवर घांसत नाहीं ना, आणि गाडीच्या कारखानदारानें तें माप मान्य केलें आहे ना, हें आधीं पाहावें. मापापुढें ९७ डब्ल्यू अशी खूण असते. ९७ म्हणजे एका टायरवर ७३० किलोग्रॅम भार आणि डब्ल्यू म्हणजे ताशीं २७० किलोमीटर वेग. नव्या टायरची भार-संख्या कारखानदारानें ठरविलेल्या संख्येहून कमी कधींहि नसावी.

कांहीं गाड्यांना रनफ्लॅट टायर येतात. त्यांच्या भिंती इतक्या जाड असतात कीं हवा गेली तरी ताशीं ८० किलोमीटर वेगानें सुमारें ८० किलोमीटर जातां येतें. त्याच जाडीमुळें ते कडक लागतात. ते काढून साधे टायर घातल्यास प्रवास बराच मऊ होतो. परंतु अशा गाडींत बहुधा स्टेपनी नसते. रात्रीं घाटांत आईला घेऊन अडकून पडावयाचें नसेल, तर स्टेपनी किंवा पंपाची सोय आधीं करावी, टायर मागाहून बदलावे.

खरेदीच्या दिवशीं टायरच्या भिंतीवरील शेवटचे चार आंकडे वाचावे. १४२५ असें असेल तर तो टायर २०२५ सालच्या चौदाव्या आठवड्यांतील होय. चारहि टायर एकाच जातीचे घ्यावे. दोनच घेणें भाग पडलें तर नवे मागच्या चाकांना लावावे, कारण ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटली तर गाडी सांवरणें कठीण जातें. हवा गार टायरांत, दरवाजाच्या खांबावरील पट्टींत लिहिली असेल तेवढीच भरावी. दोन-चार पौंड जास्त हवेनें कडक झालेला उंची टायर स्वस्त टायरहूनहि वाईट चालतो. आणि नक्षींतील खांच १.६ मिलिमीटरांवर आली म्हणजे, टायर कितीहि गप्प असो, त्याला निरोप द्यावा.

एवढें केल्यावर पुढच्या खेपेस लोणावळा येईपर्यंत आईला झोंप लागली, तर पैसे सार्थकीं लागले असें समजावें. आणि त्याच वाटेवर पावसांत अचानक ब्रेक लावावा लागूनहि ती झोंप मोडली नाहीं, तर निवड खरोखर योग्य झाली असें समजावें.